आईचा शाप आणि बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ: भाचीच्या लग्नाला जाऊ की नको?

ताई, ख्रिस्तात सलाम. वडील गेले त्याच वर्षी घराच्या नावावरून माझं आणि थोरल्या भावाचं भांडण झालं. त्यानं सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर स्वतःचं एकट्याचं नाव लावून घेतलं होतं, आम्हा दोघी बहिणींना विचारलंही नव्हतं. घरात नातेवाईक बसलेले होते. मी टेबलावरच्या बायबलवर हात ठेवून म्हणाले, "ह्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला तर देव माझं तसं करो आणि त्याहून अधिक करो." रूथचं वचन लहानपणापासून कानावर होतं, तेच तोंडात आलं. आई दारात उभी होती. तिनं कोणाचंही नाव न घेता म्हटलं, "ज्यानं हे घर फोडलं त्याच्या लेकराबाळांना सुख लाभायचं नाही."

ह्याला नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाला मोटरसायकलवर अपघात झाला, पायात रॉड टाकलाय, अजून लंगडतो. आता भावाच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि वहिनीनं स्वतः फोन करून बोलावलंय. आई भावाकडेच असते, फार थकली आहे, माझी आठवण काढते म्हणे. आमच्याकडे घरच्या प्रार्थनेला येणारे एक भाऊ म्हणतात, शपथ मोडलीत तर मुलावर येईल. शिवाय आईचा शाप पिढीजात असतो, तो तोडायला विशेष उपास-प्रार्थना लावावी लागेल, त्याचे अकरा हजार. मला रात्र रात्र झोप नाही. शपथ पाळू की लग्नाला जाऊ? आणि आईचा शाप मलाच लागला का?

– एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा

ताई,

लग्नाला जा. त्या अकरा हजारांतला एक रुपयाही कोणाला देऊ नका. आणि लग्नाच्या दिवसाची वाट न बघता त्याआधीच एकदा आईला भेटून या. माझं उत्तर एवढंच आहे. पण तुमची भीती पवित्र शास्त्राच्या शब्दांतून आलेली आहे, तेव्हा नुसतं "काही होत नाही हो" म्हणून ती जायची नाही. शास्त्र उघडूनच बघायला हवं.

तुमच्या तोंडून जे शब्द गेले ते रूथ, शमुवेल आणि राजे ह्या पुस्तकांत मिळून १२ ठिकाणी येतात. साचा बहुतेक वेळी तोच: अमुक झालं, किंवा अमुक मी केलं नाही, तर देव माझं तसं करो आणि त्याहून अधिक करो. 'तसं' म्हणजे कसं, हे त्या बारांपैकी एकाही ठिकाणी सांगितलेलं नाही. त्या काळच्या ऐकणाऱ्याला ते सांगावंही लागत नसणार. करार करताना जनावर कापायची रीत होती. वासराचे दोन भाग करून समोरासमोर ठेवायचे आणि शब्द देणाऱ्यानं त्यांच्या मधून चालत जायचं. मी शब्द मोडला तर माझी गत ह्या वासरासारखी होवो, असा त्याचा अर्थ.

यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात हे अगदी उघड लिहिलेलं आहे. बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमेवर दबाव असताना सिद्कीया राजा, सरदार आणि लोक यांनी आपल्या इब्री दासदासींना मोकळं करायचा करार केला आणि वासराच्या तुकड्यांमधून ते चालत गेले. पुढे बाबेलचं सैन्य काही काळ मागे हटलं. हटताच ह्यांनी सोडलेली माणसं पुन्हा धरून आणली आणि राबायला लावली. परमेश्वर त्यांना म्हणतो, ज्या वासराच्या मधून गेलात त्याच्यासारखी तुमची दशा करीन. इस्राएलाबाहेरही हीच रीत होती. सीरियात अलेप्पोजवळ सफीरे इथं इ.स.पू. आठव्या शतकातले अरामी भाषेतले करारलेख दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत मतिएल राजाला बजावलंय की हे मेण जसं जळतं तसा तू जळशील, हे वासरू जसं कापलं जातं तसा तू कापला जाशील.

म्हणजे तुम्ही रागाच्या भरात जे उचललंत ते जड होतं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. दहा आज्ञांतली देवाचं नाव व्यर्थ न घेण्याची आज्ञा अशाच बोलण्याला लागते.

आता त्याच वाक्याकडे पुन्हा बघा. 'देव करो' असं तुम्ही म्हणालात. शिक्षा कोणती, ती द्यायची की नाही, दिली तर कधी, हे सगळं त्या वाक्यात देवाच्या हाती सोपवलेलं आहे. बायबलमधली शपथ म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे ठेवलेला अर्ज असतो, आणि तिथं बसलेला न्यायाधीश आंधळा नाही. प्रार्थनेला येणारे ते भाऊ मात्र तुमच्या शपथेला विजेच्या उघड्या तारेसारखं वागवतायत. पाय लागला की झटका, मग पाय कोणाचा होता आणि का लागला ह्याला काही अर्थच नाही. शास्त्रातला देव असा नाही. हे मी मनाचं सांगत नाही. त्या १२ ठिकाणांतली काही उघडून बघू या.

रूथनं शब्द पाळला. तिनं तो एका म्हाताऱ्या, एकट्या पडलेल्या बाईला न सोडण्यासाठी दिला होता. ईजबेल राणीनं उद्या ह्याच वेळेपर्यंत एलीया संदेष्ट्याला मारते म्हणून हीच शपथ घेतली. उद्या उजाडला, गेला, एलीया जिवंत राहिला. अरामाचा राजा बेन-हदाद ह्याच शब्दांत गरजला आणि लढाई हरला. शोमरोनात दुष्काळ पडला तेव्हा इस्राएलाच्या राजानं आज अलीशा संदेष्ट्याचं डोकं धडावर राहू देणार नाही म्हणून हेच शब्द काढले; डोकं राहिलं. ह्यांतल्या कोणाचंही वाईट झालं असेल तर ते त्याच्या इतर कर्मांनी झालं. खून करायची शपथ पुरी झाली नाही म्हणून देवानं कोणाला धरलं असं कुठेही नाही.

आणि दावीद. ताई, १ शमुवेलाचा २५वा अध्याय आज रात्री बसून पूर्ण वाचा, कारण तुमचा प्रश्न जवळजवळ तसाच्या तसा तिथं आहे. नाबाल मोठा सधन माणूस, ३००० मेंढरं आणि १००० शेरडं. लोकर कातरायचे दिवस. दावीदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना सांभाळलेलं, म्हणून दावीदानं थोडी शिधासामग्री मागितली. नाबालानं सगळ्यांदेखत अपमान केला: कोण हा दावीद? हल्ली धन्याला सोडून पळालेले चाकर पुष्कळ झालेत. दावीदानं ४०० माणसं घेतली, कमरेला तलवारी लावल्या आणि वाटेत शपथ घेतली की पहाटेपर्यंत नाबालाच्या घरातला एक पुरुष जिवंत ठेवला तर देव तसं करो आणि त्याहून अधिक करो.

राग खरा होता, अपमानही खरा होता, तुमच्यासारखाच. तिकडे नाबालाच्या बायकोला, अबीगईलेला, चाकरानं बातमी दिली. तिनं वेळ न घालवता २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधायला तयार केलेली पाच मेंढरं, हुरडा, खिसमिसाचे १०० घड आणि अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादल्या. डोंगराच्या आडोशानं उतरताना तिची दावीदाशी गाठ पडली. ती म्हणाली, उद्या राजा झालात की उगाच सांडलेल्या रक्ताचा डाग मनाला लावून घेऊ नका. दावीदानं तिचं ऐकलं. त्यानं देवाचं नाव घेऊन बोललेलं तिथल्या तिथं सोडून दिलं. तेही शरमेनं खाली मान घालून सोडलं नाही. मला आज अडवायला तुला पाठवणाऱ्या इस्राएलाच्या देवाला धन्यवाद, असं म्हणून सोडलं. शपथ मोडली आणि मोडायला लावणारीला आशीर्वाद दिला! पुढे त्याला ह्या मोडलेल्या शपथेचा कधी जाब विचारलेला नाही.

पोथ्या उतरवून काढणाऱ्यांना मात्र हे जड गेलं असावं. ग्रीक भाषांतरात ती शपथ दावीदाच्या स्वतःच्या जिवावर आहे. आपल्यापर्यंत आलेल्या हिब्रू मजकुरात ती 'दावीदाच्या शत्रूंच्या' जिवावर गेलेली दिसते. शपथ मोडली तरी शाप दावीदावर यायला नको म्हणून कोणीतरी जपून तो शब्द घातला असेल, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या उतरवणाऱ्याची धास्ती आणि तुमची धास्ती एकच आहे. पण गोष्टीतल्या दावीदाला ती धास्ती नव्हती.

आता ज्यांनी शपथ पाळली त्यांच्याकडे बघा. इफ्ताहानं लढाईला निघताना नवस केला: जिंकून परत आलो की घरातून जे पहिलं बाहेर येईल ते परमेश्वराचं. डफ घेऊन नाचत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. तो म्हणाला, मी परमेश्वरापुढे तोंड उघडलं आहे, आता मागे घेता येत नाही. त्या सबंध प्रसंगात देव एक शब्दही बोलत नाही. मुलीचा जीव त्यानं मागितलेला नाही. मागे घेता येत नाही, हे फक्त इफ्ताहाचं मत होतं. आणि हेरोद. वाढदिवसाच्या मेजवानीत नाचणाऱ्या मुलीला त्यानं शपथेवर सांगितलं की अर्ध्या राज्यापर्यंत काहीही माग. तिनं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शीर मागितलं. मार्क लिहितो की राजा फार खिन्न झाला, तरी घेतलेल्या शपथांमुळे आणि पंक्तीला बसलेल्यांमुळे त्याला नाही म्हणवेना. तुम्ही पत्रात लिहिलंत की घरात नातेवाईक बसलेले होते. मला विचारायचंय, ह्या नऊ वर्षांत तुम्हाला देवाचं भय जास्त होतं, की त्या बसलेल्यांपुढे शब्द खाली पडायचं? प्रश्न कठोर वाटला तरी स्वतःला विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

ह्यावर कोणी तुम्हाला १५वं स्तोत्र दाखवील. दाखवलंच पाहिजे. वाहिलेल्या शपथेनं स्वतःचं नुकसान झालं तरी जो ती बदलत नाही तो परमेश्वराच्या मंडपात राहील, असं तिथं आहे. यहोशवाच्या ९व्या अध्यायात गिबोनी लोक फाटकी पायताणं आणि शिळ्या भाकरी घेऊन, लांबून आलो म्हणून खोटं बोलले आणि इस्राएलाकडून अभयाची शपथ मिळवली. लबाडी तीन दिवसांत उघडी पडली, तरी शपथ पाळली गेली. पुढे शौल राजानं गिबोन्यांना मारलं तेव्हा दावीदाच्या कारकिर्दीत तीन वर्षं दुष्काळ पडला आणि त्याचं कारण तेच होतं, असं २ शमुवेल २१ सांगतो. मग दावीदाची मोडलेली शपथ चालते आणि शौलानं मोडलेली चालत नाही, हे कसं?

माझी समजूत अशी आहे, आणि ह्या गोष्टी रविवारच्या शाळेत शिकवता शिकवता ती पक्की झाली आहे. शपथेनं दुसऱ्याला काही दिलं असेल, जीव, आसरा, पैसा, सोबत, तर ती तोटा सोसून पाळायची. नुकसान आपलं होतं, आणि स्तोत्रात 'स्वतःचं' नुकसान म्हटलंय ते ह्यासाठीच. शपथेनं दुसऱ्याचं काही हिरावून घेतलं जात असेल, तर ती पाळणं हे दुसरं पाप होतं. गिबोन्यांना शपथेनं जीव मिळाला होता. नाबालाच्या गड्यांचा जीव शपथेनं जाणार होता. तुमच्या शपथेनं कोणाला काय मिळालं? भावाचं काही अडलं नाही, घर त्याच्याकडेच आहे. आईची लेक मात्र गेली.

आपल्या प्रभूनं तर नेमक्या ह्याच दुखण्यावर बोट ठेवलंय. मार्काच्या ७व्या अध्यायात तो परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या लोकांना, म्हणतो, आईबापांना ज्याचा आधार झाला असता ते मी देवाला वाहून टाकलंय, असं कोणी बोललं की तुम्ही त्याला आईबापांसाठी काही करू देत नाही, आणि अशानं देवाची आज्ञा रद्द करता. देवाचं नाव घेऊन बोललेला शब्द एका बाजूला आणि म्हातारी आई दुसऱ्या बाजूला, अशी वेळ आली तर प्रभू आईच्या बाजूनं उभा राहतो. तुम्ही कुठे उभं राहायचं ह्याचा निकाल मला तिथंच लागलेला दिसतो.

शपथ सोडायची कशी, ह्यालाही शास्त्रात वाट आहे. ती फार जुनी आहे आणि मंडळीत क्वचितच वाचली जाते. लेवीय ५ मध्ये म्हटलंय की कोणी अविचारानं शपथ घेतली, बरं करायची असो की वाईट करायची, आणि मागाहून त्याच्या ध्यानात आलं, तर आपण कशात चुकलो ते त्यानं कबूल करावं आणि एक मेंढी किंवा शेळी आणावी. तेवढी ऐपत नसेल तर दोन पारवे. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ. आपल्या मापानं दोन लिटरचं भांडं भरेल एवढं. गरिबातल्या गरिबालाही पैशावाचून अडकून राहावं लागू नये म्हणून नियमशास्त्रानं किंमत इतकी खाली आणून ठेवली. आणि ती अर्पणंही आता उरलेली नाहीत, प्रभूनं स्वतःला एकदाच अर्पण केलं. असं असताना तुमच्याकडे अकरा हजार मागितले जातात, ह्याचा मला मनापासून संताप येतो. ते भाऊ भल्या भावनेनं सांगत असतील तर त्यांना हा अध्याय वाचून दाखवा. तरीही पैशाचा आग्रह धरला तर घरची प्रार्थना त्यांच्यावाचून चालू द्या आणि पाळकांच्या कानावर घाला.

त्या वाटेतला पहिला भाग मात्र तुम्हाला टळणार नाही: कबुली. देवापुढे एकांतात करा, आणि ज्यांच्यासमोर शपथ घेतलीत त्यांच्यातले जे भेटतील त्यांच्यासमोरही करा. लांबलचक बोलू नका. "त्या दिवशी देवाचं नाव घेऊन मी जे बोलले ते बोलायला नको होतं. देवापुढे मी ते कबूल केलंय आणि मागे घेतलंय. उताऱ्याबद्दल माझं म्हणणं तसंच आहे, ते आपण नंतर बोलू." एवढं पुरे. भावानं उलट काही सुनावलं तरी वाद वाढवू नका.

आता आई. शास्ते १७ची सुरुवात वाचलीत की तुम्हाला आपलंच घर वाचल्यासारखं वाटेल. एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशात मीखा नावाचा माणूस. त्याच्या आईची रुप्याची ११०० नाणी चोरीला गेली. चोर कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं चोराला शाप दिला, तोही मीखाच्या कानावर पडेल असा. चोर मीखाच होता. तो घाबरला आणि आईपुढे येऊन म्हणाला, ज्या पैशांसाठी तू शाप उच्चारलास ते माझ्याकडे आहेत, मीच घेतले. आई क्षणभरही थांबली नाही. ती म्हणाली, परमेश्वर माझ्या मुलाचं कल्याण करो. बस. शाप उतरवायला तिनं याजक बोलावला नाही, उपास केला नाही. ज्या तोंडून शाप गेला त्याच तोंडून आशीर्वाद आला. ही बाई काही मोठी देवभक्त नव्हती. परत मिळालेल्या त्याच पैशांतून तिनं पुढे मूर्ती करवली, आणि शास्त्र तिचं कौतुक करत नाही. पण शाप देणारीनंच आशीर्वाद देऊन शापावर पाणी ओतावं, हे तिला कोणी शिकवायला लागलं नाही.

तुमच्या आईनंही नाव घेतलं नव्हतं. 'ज्यानं हे घर फोडलं' ह्यात तिच्या मनात भाऊ होता, तुम्ही होता, की दोघंही, हे तुम्ही नऊ वर्षं एकटीनंच ठरवताय. मला तर त्यात एका नुकत्या विधवा झालेल्या बाईचं रडणं ऐकू येतं. दोन लेकरं डोळ्यांदेखत भांडतायत आणि तिच्या हातात काहीच नाही. बायबलमधले पुष्कळ शाप अशाच लोकांचे आहेत, ज्यांना कोर्ट नाही, पैसा नाही, बाजूनं बोलणारं कोणी नाही. १०९वं स्तोत्र वाचताना आपल्याला चरकायला होतं, पण तो माणूस स्वतः सूड न घेता सगळी आग देवापुढे ओततो आहे. निर्गम २२ मध्ये देव म्हणतो की विधवेनं आणि पोरक्यानं माझ्याकडे आरोळी केली तर मी ऐकेनच. म्हणून आईच्या बोलण्याला 'शाप लागला' म्हणून घाबरण्यापेक्षा 'आईला काय लागलं होतं' हे विचारायला जा.

गेल्यावर "तू शाप दिलास" अशी सुरुवात करू नका. कदाचित तिला ते वाक्य आठवतही नसेल. जवळ बसा, खुशाली विचारा, आणि सांगा, "आई, माझ्या पोराच्या पायासाठी आणि आपल्या लग्नाच्या पोरीसाठी प्रार्थना कर." दोन्ही नातवंडांची नावं तिच्या तोंडून निघू द्या. ती रडली तर रडू द्या. विषय तिनंच काढला तर मीखाची आई आठवा आणि आशीर्वाद मागून घ्या. आणि समजा तिनं दिलाच नाही, तरीही भिऊ नका. नीतिसूत्रे २६:२ सांगतं की भटकणारी चिमणी आणि उडणारी निळवी जशी कुठे टेकत नाही, तसा विनाकारण दिलेला शाप टेकत नाही. बंड केलेल्या मुलापुढून, अबशालोमापुढून, पळताना दावीदाला बहूरीम गावाशी शिमी दगड मारत शाप देत होता. बरोबरचे लोक त्याचं डोकं उडवायला निघाले. दावीद म्हणाला, राहू द्या, कदाचित त्याच्या शापाच्या बदल्यात परमेश्वर माझं भलं करील. पाठलागावर पोटचा मुलगा आणि वाटेत शाप देणारा शिमी, अशा स्थितीतला माणूस एवढं म्हणू शकला.

'पिढीजात शाप' म्हणणारे निर्गम २० आणि अनुवाद २८ दाखवतात, त्यावर थोडं. अनुवाद २८ हा एका राष्ट्राशी झालेल्या कराराचा शेवट आहे. त्या काळच्या राजांच्या करारांना अशीच शापांची यादी जोडलेली असायची. अश्शूरचा राजा एसर-हद्दोन ह्याच्या इ.स.पू. ६७२च्या करारपट्टिका १९५५ साली इराकात निमरूदला सापडल्या. वर आकाश पितळेचं आणि खाली जमीन लोखंडाची होईल ही धमकी तिथंही भेटते, अनुवादातही. शाप कराराची राखण करायचा. आपल्या कोकणात शिलाहारांच्या काळातल्या गधेगाळी, म्हणजे शाप कोरलेले दगड, उभ्या आहेत, त्याही दान दिलेली जमीन कोणी बळकावू नये म्हणून. ह्यातलं काहीही एका घरातल्या पोराच्या मोटरसायकलच्या अपघातावर आणून चिकटवणं हा शास्त्रावर अन्याय आहे. निर्गम २० मध्येही तिसऱ्या-चौथ्या पिढीचा शब्द 'माझा द्वेष करणाऱ्यां'बद्दल आहे. आणि यहेज्केलाचा १८वा अध्याय तर सबंध ह्याच समजुतीविरुद्ध आहे. लोक म्हण वापरत होते की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. देव म्हणतो, माझ्या जीविताची शपथ, ही म्हण इस्राएलात पुन्हा चालायची नाही. इथं शपथ स्वतः देवानं घेतली आहे, आणि ती तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे.

जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? प्रभू म्हणाला, ह्याचंही नाही, आईबापांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं दगावली तेव्हाही त्यानं स्पष्ट सांगितलं की ती इतरांहून जास्त अपराधी नव्हती. पौल गलतीकरांस लिहितो की ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला. मंडळीत आपण हे दरवर्षी शुभ शुक्रवारी ऐकतो आणि घरी येऊन पुन्हा शापाला भितो!

मुलाबद्दल एक कळकळीनं विचारते. घरात हे सगळं बोलणं त्याच्यासमोर होतं का? आपल्या पायात आजीचा शाप किंवा आईची शपथ शिरली आहे असं त्याच्या मनात बसलं असेल तर ते लंगडण्याहून वाईट. त्याला समोर बसवून सांगा की तुझा अपघात हा अपघात होता, कोणाच्या बोलण्यानं झाला नाही. आणि रॉड टाकून दोन वर्षं होत आली तरी लंगडत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना नवा एक्स-रे काढून दाखवा, फिजिओथेरपी लागेल का विचारा. ते अकरा हजार तिथं खर्च करा.

ह्यापुढे शपथा घेऊ नका. मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो, स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, यरुशलेमेची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको, कारण तुला एक केस पांढरा किंवा काळा करता येत नाही. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर देवाच्या नावानं शपथ न घेता प्रतिज्ञेवर सांगायची सोय आपल्या कायद्यात आहे.

राहता राहिलं घर. तुमची शपथ चुकीची होती म्हणून तुमचा हक्क खोटा ठरत नाही, ह्या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. सलाफहादाच्या पाच मुली बापाच्या वतनासाठी मोशेपुढे, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी शपथ घातली नाही, शाप दिला नाही, मागणं मांडलं, आणि देवानं मोशेला सांगितलं की ह्या मुलींचं म्हणणं रास्त आहे. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. घर वडिलांच्या मालकीचं असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर आईचा एक तृतीयांश हिस्सा, आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत तुम्ही तिघं भावंडं सारखे वाटेकरी. मुलगा-मुलगी असा फरक त्यात नाही. उताऱ्यावर एकट्याचं नाव लागलं म्हणजे मालकी एकट्याची झाली असंही नाही. लग्नाच्या मांडवात हा विषय काढू नका. लग्न आटोपलं की धाकट्या बहिणीला बरोबर घ्या, उताऱ्याची नक्कल काढा, वकिलाला दाखवा, आणि मगच भावाशी बोला. मृत्युपत्र होतं का, हे आईला विचारायचं तेवढं ह्याच भेटीत विचारून घ्या.